एका काट्याचं घड्याळ

"या सुट्टीत मी एकाही घड्याळाला बोट लावलं, तर दर रविवारी दुकानाची किल्ली तुझ्याकडे! आणि त्या दिवशी घरातल्या घड्याळालासुद्धा शिवणार नाही! झालं समाधान?"

घड्याळजींनी ही गर्जना निघायच्या आदल्या दिवशी भर जेवणात केली, आणि तीही थोरल्या मेहुण्यांच्या साक्षीने. खरं तर बायकोने एवढं मागितलंच नव्हतं. ती बिचारी फक्त म्हणाली होती, "तिथे गेल्यावर तरी कुणाचं घड्याळ उघडून बसू नका हो." पण घड्याळजींचा स्वभावच असा, की कुणी वाटीभर मागितलं तर पातेलं उचलून द्यायचं आणि मग रात्रभर पातेल्यासाठी झुरायचं.

बायकोचं म्हणणं काही खोटं नव्हतं. घड्याळजी एकदा आजारी नातेवाइकाला भेटायला दवाखान्यात गेले आणि भेटीची सगळी वेळ स्टुलावर उभं राहून त्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ पुसत बसले. निघताना रोग्याला म्हणाले, "आता काळजी नको, ठणठणीत झालंय!" नातेवाइकाने अजून अबोला सोडलेला नाही. दुकान तर रविवारीही उघडं. लग्न झाल्यापासून नवराबायको मिळून कुठे म्हणून गेले नव्हते.

आणि जायचं कुठे, हे बायकोचं ठरलेलं होतं. कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. एक लहानसं बेट, त्यावर पांढरं दीपगृह, खाली लाटा. तिला त्या दीपगृहाच्या पायथ्याशी बसायचं होतं.

"बसून काय करायचं?" घड्याळजींनी विचारलं होतं.

"काही नाही. दिवसभर काहीही करायचं नाही."

"दिवसभर! अगं, चाळीस मिनिटांत आटोपेल ते!"

बायको काही बोलली नाही. ती बोलली नाही की घड्याळजींना हमखास वाटायचं, आपलं म्हणणं पटलं.

मेहुणे सोबत आले ते बहिणीच्या मायेपोटी आणि थोडे हौसेपोटी. आयुष्यभर रेल्वेत तिकीट तपासनीस होते. नोकरी संपली, पण नजर संपली नाही. समोर येणारा प्रत्येक माणूस विनातिकीटच आहे, अशा नजरेने ते जगाकडे बघत. रिकाम्या वेळात ते तक्रारी लिहीत. पत्रपेटीचं तोंड अरुंद आहे, इथपासून बागेतलं बाकडं ओलं होतं, इथपर्यंत!

तर हे तिघे एका दुपारी त्या किनाऱ्यावर पोचले. रस्ता संपला, मोबाइलची रेंज संपली, आणि जिथे सगळंच संपलं तिथे वनखात्याचं विश्रामगृह होतं. मागे रान, पुढे समुद्र, आणि समुद्रात हुबेहूब कपाटाच्या दारातलं दीपगृह! किनाऱ्यापासून बेटापर्यंत वाळूची एक वाट गेलेली. ओहोटीला ती उघडी पडते आणि भरतीला बुडते, म्हणून वेळ सांभाळूनच जायचं. विश्रामगृह सांभाळणाऱ्या मावशींनी हे दारातच सांगून टाकलं.

"पण वेळ मी बरोब्बर सांगते! आज तुम्ही दमलात, उद्या धाडते. मी स्वतः मात्र समुद्राकडे ढुंकूनही बघत नाही. डोंगरातली बाई मी, एवढं पाणी बघितलं की पोटात गोळा येतो. किनाऱ्याकडची खिडकीच उघडत नाही!"

जेवणं झाली. मावशी घोरू लागल्या, मेहुणे त्यांना साथ देऊ लागले. बायको पायरीवर बसून बेटाकडे बघत राहिली. पुढच्या खोलीत मेणकापड घातलेलं टेबल, चार खुर्च्या आणि घड्याळजी. आणि समोरच्या भिंतीवर ते!

लंबकाचं जुनं घड्याळ. मिनिटकाटा गायब! आकडे घासून पुसलेले. बाराच्या जागी पांढरा शिंपला डकवलेला, सहाच्या जागी काळा. आणि कुणा दुष्टाने लंबकाच्या खाली सुतळीने शिशाचा गोळा टांगलेला, मासेमारीच्या जाळ्याला लावतात तसला! साहजिकच घड्याळ मागे पडत होतं. घड्याळजींनी नुसत्या कानाने अंदाज घेतला. तासाला दोन मिनिटं! हे म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा होता.

त्यांनी मान फिरवली. मान परत आली. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली. पण पाठीमागून ते घड्याळ टक... टक... करत एखाद्या दुखणाइतासारखं कण्हत होतं. शेवटी घड्याळजींनी कायद्याचा विचार केला. एकच काटा, आकडे नाहीत, वेळ खोटी! याला घड्याळ म्हणायचं कोणत्या तोंडाने? आणि जे घड्याळच नव्हे, त्याला हात लावल्याने शपथ मोडेलच कशी?

मोज्यात लपवून आणलेला छोटा स्क्रू ड्रायव्हर, भिंग आणि तेलाची कुपी बाहेर आली. सुतळी कापली. गोळा खिशात घातला. चाकांना तेल दिलं, काटा मनगटी घड्याळाशी ताडून नीट लावला. टक टक टक! काय ती चाल! एका काट्याचं का होईना, पण आता खरं बोलणारं!

मग घड्याळजी मागच्या नळावर जाऊन तेलाचे हात साबणाने धूत बसले. मन प्रसन्न होतं, नाकातून गाणं निघत होतं. नेमक्या त्याच वेळी पुढच्या खोलीत झोपाळू डोळ्यांनी उठून आलेल्या मावशी लांबूनच त्या घड्याळाकडे बोट करून बायकोला आणि मेहुण्यांना काहीतरी समजावून सांगत होत्या. घड्याळजी हात पुसत आले तोवर चहा आला होता आणि विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मावशींनी दार वाजवलं. "काटा आला! निघा, निघा!"

घड्याळजींनी मनगटाकडे बघितलं. सहा म्हणजे सहा! "बघा, लगेच लोकांच्या उपयोगी पडायला लागलं," असं ते मनातल्या मनात म्हणाले आणि बुटांच्या नाड्या बांधताना पुन्हा नाकातून गायले. बायकोने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पिशवीत बिस्किटं भरली.

वाळूच्या वाटेवर पाणी होतं. आधी बुटाच्या तळाला लागलं, मग घोट्याला.

"मावशी तर म्हणाल्या, वाट कोरडी ठणठणीत असेल," बायको म्हणाली.

"त्यांना काय कळतंय? खिडकी तरी उघडतात का?"

"अहो, खिडकी कशाला हवी? ते घड्याळ आहे ना!"

"घड्याळाचा काय संबंध?"

"तुम्ही हात धूत होतात तेव्हा सांगितलं त्यांनी. ते घड्याळ वेळ दाखवत नाही, समुद्र दाखवतं! भरती-ओहोटी रोज थोडी थोडी पुढे सरकते ना, त्याच चालीने कुणा जुन्या नावाड्याने ते हळू करून ठेवलंय. काटा पांढऱ्या शिंपल्यावर आला की भरती, काळ्यावर आला की ओहोटी. मधोमध आडवा व्हायच्या आत परत फिरायचं. मुद्दाम लंबकाला शिशाचा गोळा बांधलाय म्हणे. केवढा हुशार माणूस असेल!"

घड्याळजींच्या खिशातला गोळा एकदम मणभर जड झाला.

"परत फिरू या!" ते ओरडले.

"का?" मेहुण्यांनी भुवई उचलली. तिकीट मागताना उचलत तशीच.

"म्हणजे... ऊन होईल!"

"सूर्य आत्ता उगवतोय, जावईबापू."

"नाही, पण पाणी... मला वाटतं पाणी वाढतंय."

"तुम्हाला वाटतं! खास ओहोटीसाठी बनवलेलं घड्याळ सांगतंय पाणी खाली जातंय, आणि तुम्हाला वाटतंय वाढतंय! घड्याळापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

उभ्या आयुष्यात या प्रश्नाला घड्याळजींनी छाती पुढे काढून 'हो' म्हटलं असतं. आज त्यांनी खिशातला गोळा मुठीत दाबून धरला. खरं सांगावं तर शपथ मोडली, किल्ली गेली, रविवार गेला! आणि पुढे बायको चपला हातात घेऊन पाण्यातून चालली होती, दीपगृहावरची नजर न काढता, हसत. घड्याळजी निमूटपणे मागोमाग गेले. जाऊन लगेच परत येऊ, त्यांनी स्वतःला सांगितलं. चाळीस मिनिटं कशाला, चार पुरेत!

ते बेटावर चढले. पोटऱ्यांपर्यंत भिजलेल्या घड्याळजींनी दीपगृहाला हात लावला, "बघितलं! छान आहे! चला!" म्हटलं आणि मागे वळून बघितलं. वाट नव्हती. जिथे वाट होती तिथे एक भली मोठी लाट आरामात लोळत होती.

मेहुण्यांना मात्र आयुष्यातली सर्वांत मोठी तक्रार सापडली होती. "काय हा बेजबाबदारपणा! पाहुण्यांना समुद्रात सोडून देतात? त्या बाईला मी खात्याकडून घरी नाही बसवलं, तर बघा!"

"दादा, त्या बिचारीला कशाला?" बायको म्हणाली. "घड्याळ बिघडलं असेल."

"बिघडलं असेल!" घड्याळजी ओरडले. कितीही झालं तरी आपलं काम कुणी बिघडलं म्हणावं, हे त्यांना सोसेना. मग लगेच जीभ चावून पुटपुटले, "म्हणजे... बिघडूही शकतं."

"ते काही नाही," मेहुणे म्हणाले. "आधी आपल्याकडे खायला काय काय आहे ते बघू. सगळ्यांनी खिसे रिकामे करा!"

खिसे! घड्याळजी बूट झाडायच्या निमित्ताने खडकाआड गेले. भिंग आणि स्क्रू ड्रायव्हर कपारीत सरकवला. गोळा मात्र टाकवेना. तो होता म्हणून घड्याळ पुन्हा होतं तसं करता येणार होतं! त्यांनी तो बुटात घातला आणि वर पाय कोंबला. दोन पावलं टाकताच त्यांचं तोंड पेलाभर काढा प्यायल्यासारखं झालं.

"लंगडताय का?" मेहुण्यांनी पकडलंच.

"पाय... पाय मुरगळला."

"मुरगळला! आधी नाही का सांगायचं? बसा! मी आमच्या डब्यात निम्म्या प्रवाशांचे पाय बसवलेत!"

"नको! बूट काढू नका!"

"बूट कशाला काढायला हवा? बुटावरूनसुद्धा बसवतो मी!" असं म्हणून मेहुण्यांनी तो पाय दोन्ही हातांनी धरला आणि अडकलेलं दार ओढावं तसा ओढला. कट्!

पाय आधी मुरगळला नव्हता. आता मुरगळला.

त्यानंतर बेटावर बरंच काही घडलं. एका धिप्पाड समुद्रपक्ष्याने बिस्किटांचा पुडा उचलला, आणि मेहुणे त्याच्यामागे "ए! थांब! कुठे चाललास?" म्हणत धावले तेव्हा दुसऱ्याने त्यांची टोपी नेली. दूरवरून एक होडी गेली. मेहुण्यांनी शर्ट काढून जिवाच्या आकांताने हलवला. होडीतल्या लोकांनीही आनंदाने हात हलवले आणि ते निघून गेले. मेहुणे मग उघड्या अंगाने दीपगृहाच्या सावलीत बसले आणि तक्रारीचा मजकूर मोठ्याने तयार करू लागले. "सदर बाईस तात्काळ कामावरून कमी करण्यात यावे..."

घड्याळजींना ते ऐकवेना. ते लंगडत दुसऱ्या बाजूला गेले. तिथे पायथ्याशी बायको बसली होती. गुडघ्यांना मिठी, केस वाऱ्यावर, आणि तोंडावर अशी शांतता की घड्याळजी जरा बिचकलेच.

"घाबरलीस?"

"छे! दुपारनंतर वाट पुन्हा उघडेलच की. तोवर काय करायचंय आपल्याला? काही नाही. बसा."

ते बसले. सवयीने मनगटाकडे बघितलं. खडकांवर उडणाऱ्या लाटांचं पाणी घड्याळात शिरून ते केव्हाच बंद पडलं होतं. किती वाजले, हे घड्याळजींना माहीत नव्हतं. असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं! थोडा वेळ फार चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं, मग कमी वाटलं. पाणी वर येत होतं, पक्षी पिल्लांना भरवत होते. बायको मधूनच "ते बघा" म्हणायची आणि ते बघायचे. हिने इतकी वर्षं एवढंच मागितलं आणि आपण चाळीस मिनिटांवर घासाघीस करत बसलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. सांगून टाकावं असं दहादा ओठांवर आलं. पण दहाही वेळा दुकानाची किल्ली डोळ्यांसमोर लकाकली आणि शब्द आत गेले.

दुपार कलली तशी वाट वर आली. घड्याळजींना मात्र पाऊल टाकता येईना.

"चढा पाठीवर," मेहुणे म्हणाले.

"अहो, नको!"

"चढा म्हणतो ना! बहिणीच्या नवऱ्याला समुद्रात सोडू का?"

अशा रीतीने गुन्हेगाराची वरात निघाली. मेहुणे घामाने निथळत होते. "जावईबापू, दिसता किडकिडीत, पण भलतेच जड हो! विशेषतः हा उजवा पाय! यातली प्रत्येक ढांग मी त्या बाईच्या तक्रारीत लिहिणार आहे!" पाठीवर बसलेल्या घड्याळजींनी डोळे मिटून घेतले. उतरून चालावं तर पाय नाही, खरं सांगावं तर तोंड नाही.

मावशी दारातच उभ्या होत्या. तिघांना बघून किंचाळल्या, "तुम्ही आत्ता आलात कसे?"

"चालत!" मेहुणे गरजले.

"शक्यच नाही! काटा आडवा आहे! वाटेवर पाणी असायला हवं!"

"बाई, माझे पाय बघा! वाळू आहे, कोरडी वाळू!"

मावशींनी पाय बघितले, घड्याळ बघितलं, पुन्हा पाय बघितले. कोणावर विश्वास ठेवावा हे त्यांना समजेना. मेहुण्यांनी मग तोंडी तक्रारीची पहिली फेरी सुनावली. खातं, वरचे साहेब, कामावरून कमी, सगळं आलं. मावशी खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला.

"आजवर कधी चुकलं नाही हो हे," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातून काही झालं असेल. तुम्ही बुडला असता तर? नका लिहू साहेब, मीच जाते. उद्याच सामान बांधते." आणि त्या रडायला लागल्या.

खोलीत फक्त टक टक टक ऐकू येत होतं. काय ती अचूक चाल! घड्याळजींना त्या आवाजाची आयुष्यात प्रथमच शिसारी आली. ते मटकन खुर्चीत बसले, बूट ओढून काढला आणि टेबलावर उपडा केला. गोळा गडगडत मेणकापडाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला.

"मावशी, तुमचं काही चुकलेलं नाही. हे माझं काम आहे. काल दुपारी मी हे घड्याळ... दुरुस्त केलं."

"दुरुस्त केलंत?" मावशींनी डोळे पुसले. "अहो, पण ते चालत होतं की!"

"तेच मला कळलं नाही."

"तुम्ही करता काय मुळात?"

"घड्याळं दुरुस्त करतो. तीस वर्षं."

"तरीच!" मावशी म्हणाल्या. "नवशिका असता तर भीतीने हात तरी लावला नसता!"

मेहुणे गोळ्याकडे बघत होते. हळूहळू त्यांच्या ध्यानात येत होतं. "म्हणजे... तो पाय... म्हणजे हा गोळा मी माझ्या पाठीवरून... अख्खी वाट..." तिकीट तपासनिसाने आयुष्यभर फुकटे पकडले, आणि शेवटी एकाला स्वतःच्याच खांद्यावरून आणून सोडलं! ते तडक आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

घड्याळजींनी मान वर करून बायकोकडे बघितलं. वाटलं होतं, आता वीज कोसळणार.

"हात लावलात हे मला कालच कळलं होतं," ती म्हणाली.

"काल? कसं?"

"नाकातून गात होतात. गाता कधी तुम्ही? एखादं घड्याळ उघडल्याशिवाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"स्वतःहून सांगता का, ते बघत होते." तिने गोळा उचलून त्यांच्या हातात दिला. "सांगितलंत. उशीर केलात, पण सांगितलंत. चला, आता आधी होतं तसं करून द्या."

मग किनाऱ्याकडची खिडकी उघडली गेली. मावशींनी पदराआडून का होईना, पण समुद्र बघितला. पाणी उतरत उतरत एका जागी थांबलं, तसा घड्याळजींनी काटा काळ्या शिंपल्यावर आणला आणि गोळा सुतळीने लंबकाखाली बांधला. तासाला दोन मिनिटं मागे! चांगलं चालणारं घड्याळ त्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मागे पाडलं होतं. तरी बांधलेली गाठ त्यांनी तीनदा तपासली. काम म्हणजे काम!

घरी परतल्यावर पहिला रविवार आला. बायकोने सकाळीच किल्लीसाठी हात पुढे केला. घड्याळजींनी ती दिली. पण मनात हिशेब होता. ठेवून ठेवून ठेवील कुठे? ती आंघोळीला गेली की शोधू, निदान तासभर तरी दुकानात डोकावून येऊ! त्यांनी डबे बघितले, उशा उचलल्या, कपाटातलं दीपगृहाचं चित्रसुद्धा मागून चाचपलं. किल्ली नव्हती.

थकून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी कान टवकारले. भिंतीवरच्या घड्याळाची चाल बदलली होती. त्यांच्या वडिलांचं घड्याळ ते! टक... टक... काचेतून बघतात तर लंबकाच्या खाली दोऱ्याने टांगलेली दुकानाची जाडजूड लोखंडी किल्ली डुलत होती. आणि त्या घड्याळाला रविवारी शिवायचं नाही, ही शपथ त्यांची त्यांनीच, न मागता, साक्षीदारासमोर घेतली होती!

"अगं!" ते कळवळून ओरडले. "हे मागे पडतंय!"

बायको केस पुसत बाहेर आली. तिने घड्याळाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि शेजारची खुर्ची ओढून आरामात बसली.

"पडू दे," ती म्हणाली. "मला कुठे घाई आहे?"